तिसरा रकाना

घरी पाहुणा आला की आपण काय करतो? त्याला बसायला सांगतो, पाणी देतो. मग त्याचे नाव, गाव आणि काम विचारतो. पण आपल्या घरात रोज काही पाहुणे असे येतात की त्यांना आपण काहीच विचारत नाही. ते पाहुणे म्हणजे इंग्रजी शब्द. मोबाइलच्या पडद्यावर ते येतात. लॉग-इन, लिंक, कार्ट, ऑर्डर, रिफंड, ओटीपी. आपण त्यांचा अर्थ कळल्यासारखे करतो आणि बोटाने बटण दाबून मोकळे होतो.

मीही असेच करत होतो. माझ्या त्या सवयीमुळे माझ्या आपाचे नुकसान झाले. ती हकिकत मी आज तुम्हांला सांगणार आहे. सांगताना मला थोडी लाज वाटते. पण तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून सांगतो.

आमचे घर मालेगावात आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. आमच्या मोहल्ल्यात पहाटेपासून लूमचा खडखडाट सुरू होतो. माझ्या अब्बांनी सारे आयुष्य लूमवर काम केले. मी उर्दू शाळेत शिकलो. तुमच्यासारखाच मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकलो. पुढे कॉलेजात गेलो. त्यामुळे घरात कोणताही कागद आला की सगळे तो माझ्याकडेच देत. मला अर्थ कळो अथवा न कळो, मी मान हलवून म्हणत असे, "समजले."

माझी मोठी बहीण, आमची आपा, दुपट्ट्यांवर भरतकाम करते. रेशमाच्या धाग्याने ती अशी फुले काढते की पाहणारा कापड हातातून खाली ठेवत नाही. पूर्वी ती आपले दुपट्टे एका व्यापाऱ्याला देत असे. तो ठरवील तो भाव तिला घ्यावा लागे. २०२४ साली तिने ठरवले की आता स्वतःच ऑनलाइन विकायचे. ऑक्टोबर २०२३ पासून एक चांगली सोय झाली आहे. ज्यांचा धंदा लहान आहे, त्यांना आपल्या राज्यापुरता माल ऑनलाइन विकायचा असेल, तर जी.एस.टी. क्रमांकाची सक्ती नाही. साधी नावनोंदणी पुरते. आपाला हे मोहल्ल्यातल्या एका बाईकडून कळले. तिला मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी पैसे साठवायचे होते.

नावनोंदणी अर्थातच मी केली. पडद्यावर एक लांबलचक इंग्रजी मजकूर आला. वर लिहिले होते, 'टर्म्स अँड कंडिशन्स', म्हणजे अटी आणि शर्ती. खाली एक चौकोन होता. त्यात खूण केली की काम पुढे सरकणार होते. आपाने विचारले, "यात काय लिहिले आहे?"

मी म्हणालो, "काही नाही. नेहमीचेच असते."

मी एक ओळही वाचली नव्हती.

पहिल्या महिन्यात तीस ऑर्डरी आल्या. आपाला किती आनंद झाला! रात्री जागून तिने तीस दुपट्टे पूर्ण केले. एका दुपट्ट्याची किंमत ३५० रुपये होती. मी कागदावर हिशेब करून दाखवला, "तीस गुणिले साडेतीनशे, म्हणजे १०,५०० रुपये." आपाने तो कागद जपून ठेवला.

काही दिवसांनी मोबाइलवर अकरा ऑर्डरींच्या समोर तीन अक्षरे दिसू लागली, आर.टी.ओ. आपा घाबरून माझ्याकडे आली. मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "कुरिअरची गाडी आर.टी.ओ.वाल्यांनी अडवली असेल. गाडीचे कागद अपुरे असतील. दोन-चार दिवसांत सोडतील."

अब्बा खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "एका गाडीचे कागद अपुरे असतील. अकरा गाड्यांचे कसे असतील?"

मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. आपाचा मात्र माझ्यावर विश्वास होता. ती वाट पाहत राहिली.

दोन आठवड्यांनी कुरिअरवाला एक मोठे पोते घेऊन दारात आला. त्यात आपाचेच अकरा दुपट्टे होते. एका पाकिटात पावसाचे पाणी शिरले होते आणि त्या दुपट्ट्याचा रंग उतरला होता. मी कुरिअरवाल्याला विचारले, "आर.टी.ओ.ने माल सोडला वाटते?" तो हसू लागला. म्हणाला, "भाई, हे गाडीवाले आर.टी.ओ. नाही. हे 'रिटर्न टू ओरिजिन' आहे. गिऱ्हाइकाने पार्सल घेतलेच नाही. म्हणून जिथून निघाले, तिथे परत आले."

मग खात्यात पैसे जमा झाले. ते फक्त ४,९५० रुपये होते. विकले गेले होते एकोणीस दुपट्टे. त्यांच्या रकमेतून कमिशन कापले होते. कुरिअरचा खर्चही कापला होता. जे अकरा दुपट्टे परत आले, त्यांचा जाण्या-येण्याचा खर्चही त्यातूनच गेला होता. आपाचा कापडाचा आणि धाग्याचाच खर्च ५,४०० रुपये झाला होता. रात्रीच्या जागरणांचा हिशेब तर कोणी धरलाच नव्हता. कापण्याच्या या सगळ्या गोष्टी त्या लांबलचक मजकुरात लिहिलेल्या होत्या. मी त्यावर डोळे झाकून खूण केली होती.

मला वाटले, आता आपा रागावेल. ती रागावली नाही. ओला दुपट्टा दोरीवर पसरत ती एवढेच म्हणाली, "पैसे गेले त्याचे फारसे काही नाही. ते मी पुन्हा मिळवीन. पण तुला माहीत नव्हते, तर माहीत आहे असे का म्हणालास? तू 'माहीत नाही' म्हणाला असतास, तर मी दुसऱ्या कोणाला तरी विचारले असते."

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आपाने शाळेची एक जुनी वही घेतली. पट्टीने रेघा मारून प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द जसा ऐकू येतो तसा लिहायचा. दुसऱ्या रकान्यात त्याचा अर्थ लिहायचा, उर्दूत किंवा मराठीत, जसे सुचेल तसे. तिसरा रकाना हा तिचा स्वतःचा शोध होता. त्याच्या डोक्यावर तिने प्रश्न लिहिला, 'या शब्दाने पैसा येतो की जातो?'

वही भरू लागली. 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणजे माल हातात आल्यावर रोख पैसे. तिसऱ्या रकान्यात आपाने लिहिले, 'येईलच असे नाही.' कारण दारात आलेले पार्सल गिऱ्हाईक नाकारू शकते. 'प्रीपेड' म्हणजे पैसे आधी भरलेले. 'रिटर्न' आणि 'आर.टी.ओ.' यांत फरक आहे, हेही तेव्हाच कळले. आर.टी.ओ.मध्ये गिऱ्हाईक पार्सल घेतच नाही. रिटर्नमध्ये तो पार्सल घेतो, उघडतो आणि मग परत पाठवतो. अशा वेळी माल फाटका किंवा डागाळलेला आला, तर ठरलेल्या मुदतीत 'क्लेम', म्हणजे भरपाईची मागणी करावी लागते. मुदत संपली की हक्क संपला. आमच्या भिजलेल्या दुपट्ट्याची मुदत मी वाट पाहण्यात घालवली होती की काय, हा विचार अजूनही माझ्या मनात येतो.

दुपट्टे परत का येतात, याचाही आपाने शोध घेतला. तिने फोटो रात्री दिव्याखाली काढले होते. त्यात लाल रंग केशरी दिसत होता. 'डिस्क्रिप्शन', म्हणजे मालाचे वर्णन, मी दोन शब्दांत उरकले होते. आता ती फोटो सकाळच्या उजेडात काढते. लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिते. 'कापड सुती आहे, पहिल्या धुण्याला थोडा रंग जाईल,' हेही लिहिते. खरे लिहिल्यापासून तिचा माल कमी परत येऊ लागला.

वही भरताना आमच्या घरात हसणेही खूप झाले. 'कार्ट' हा शब्द आला, तेव्हा आपाने विचारले, "कार्ट म्हणजे गाडी ना? मग माझा दुपट्टा ते गाडीवर का ठेवतात?" मी तिला सांगितले की मोठ्या दुकानात गिऱ्हाईक चाकांची टोपली ढकलत फिरते. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी या शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने १९३७ साली ती टोपली आणली. हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात, हे त्याच्या लक्षात आले होते. आज मोबाइलवर चाके नाहीत, टोपली नाही. नाव मात्र राहिले.

'ब्राउझर' या शब्दाची गंमत अब्बांना फार आवडली. इंटरनेटवरची पाने ज्यातून पाहतात, तो ब्राउझर. इंग्रजीत 'ब्राउझ' या शब्दाचा जुना अर्थ आहे, जनावरांनी झाडाचा कोवळा पाला खाणे. हे ऐकून अब्बा म्हणाले, "बरोबर आहे. बकरी एका झुडपावर थांबत नाही. इथे एक पान खाते, तिथे एक पान खाते. तुमचे गिऱ्हाईकही तसेच. दहा दुकाने चाखते आणि एकातही घेत नाही!"

अब्बा शाळेत फार शिकलेले नाहीत. पण त्या दिवशी ते आणखी एक गोष्ट बोलले. ते म्हणाले, "बीम, शटल, बॉबिन हे तरी आपले शब्द कुठे होते? लूमबरोबर आले. मी कधी पुस्तकात वाचले नाहीत. पण शटल हातात धरली, बॉबिन बदलली आणि शब्द माझे झाले. शब्दाला घाबरायचे नसते. त्याचे काम पाहायचे असते."

भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ते सुरू केले. म्हणजे हे शब्द आपल्याकडे आले, त्याला फार वर्षे झाली नाहीत. लूमचे शब्द जसे रुळले, तसे हेही रुळतील. पण रुळेपर्यंत ते समजून घेणे आपले काम आहे.

वहीतले काही शब्द मला कोठेच सापडले नाहीत. तेव्हा मी माझ्या शाळेतल्या मराठीच्या सरांकडे गेलो. सर आता निवृत्त झाले आहेत. त्यांना मी सर्व हकिकत सांगितली आणि म्हणालो, "सर, हे सगळे इंग्रजीचे राज्य आहे. आपल्यासारख्यांनी काय करावे?"

सरांनी वही उघडली. 'अल्गोरिदम' या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हा शब्द कोणाचा?"

"इंग्रजांचा," मी म्हणालो.

सर म्हणाले, "नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नावाचे थोर गणिती होते. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, हे त्यांनी पुस्तकात लिहिले. ते पुस्तक पुढे लॅटिन भाषेत गेले. तिथे त्यांच्या नावाचा उच्चार बदलला आणि त्यावरून अल्गोरिदम हा शब्द झाला. तुझ्या आपाचा दुपट्टा पहिल्या पानावर दिसेल की विसाव्या, हे संगणक ज्या रीतीने ठरवतो, तिला अल्गोरिदम म्हणतात."

मग त्यांनी 'टॅरिफ' हा शब्द दाखवला. कुरिअरच्या दरांच्या तक्त्यावर तो छापलेला असतो. त्याचे मूळ अरबी 'तारीफ', म्हणजे ओळख करून देणे, माहिती देणे. उर्दूत आणि मराठीत तारीफ म्हणजे स्तुती झाली. इटलीच्या व्यापाऱ्यांकडून तोच शब्द इंग्रजीत गेला आणि दरांचा तक्ता झाला.

शेवटी सर म्हणाले, "आणि शून्य? आपल्या शून्याला अरबांनी 'सिफर' म्हटले. तुम्ही उर्दूत आजही सिफर म्हणता. तोच शब्द युरोपात गेला. त्यातून इंग्रजीचा 'झिरो' झाला आणि 'सायफर'ही झाला. सायफर म्हणजे गुप्त लिपी. तुझा पासवर्ड कोणी वाटेत वाचू नये, म्हणून तो गुप्त लिपीतच पाठवतात. आता सांग, हे राज्य एकट्या इंग्रजीचे आहे का?"

मग सरांनी मला मराठीच्या बाजारातले शब्द मोजायला लावले. दुकान, बाजार, किंमत, हिशेब, रक्कम, जमा, खर्च, नफा, तारीख, हप्ता, कर्ज. हे सगळे फारसी-अरबीतून मराठीत आले आहेत. तुम्ही उर्दू शिकता, म्हणून हे शब्द तुम्हांला आधीच येतात. मराठीच्या बाजारात तुम्ही परके नाही.

मात्र एक सावधगिरी ठेवा. ओळखीचा शब्द कधी कधी निराळा अर्थ घेऊन उभा असतो. एकदा आपाने रेशमी धागे ऑनलाइन मागवले. हिरव्याऐवजी निळे आले. मराठी पानावर बटण होते, 'तक्रार नोंदवा'. आपा म्हणाली, "जाऊ दे. थोड्या धाग्यांसाठी तकरार कशाला?" उर्दूत तकरार म्हणजे वादावादी. मराठीत तक्रार म्हणजे आपल्यावर झालेला अन्याय योग्य माणसाला सांगणे. तो भांडखोरपणा नाही, हक्क आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आपाने बटण दाबले. तिला हिरवे धागे मिळाले.

आता तिसऱ्या रकान्याची खरी गोष्ट सांगतो.

एका दुपारी आपा घरात एकटीच होती. तिला फोन आला. बोलणारा मोठ्या अदबीने म्हणाला, "मॅडम, तुमचा १,२०० रुपयांचा रिफंड अडकला आहे. मी एक लिंक पाठवतो. ती उघडा आणि तुमचा यू.पी.आय. पिन टाका. पैसे लगेच जमा होतील."

आपाच्या मनात आनंद झाला. पण तिने वही उघडली. 'रिफंड' या शब्दासमोर तिसऱ्या रकान्यात लिहिले होते, 'पैसा येतो.' 'पिन' या शब्दासमोर लिहिले होते, 'पैसा जातो.' ती थांबली. पैसा येणार असेल, तर पैसा जाण्याचा शब्द कशाला हवा? मित्रांनो, हेच खरे आहे. यू.पी.आय.मध्ये पैसे देण्यासाठी पिन लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. तसेच ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा शब्द. तो आपल्या दाराच्या किल्लीसारखा असतो. फोनवरच्या माणसाला कोणी किल्ली देते का?

आपाने त्या माणसाला विचारले, "माझे पैसे मला द्यायला माझाच पिन का लागतो?" तो मोठ्या आवाजात इंग्रजी बोलू लागला. आपाने फोन बंद केला. संध्याकाळी मी घरी आल्यावर तिने मला सगळे सांगितले. असा माणूस फसवून गेलाच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवायचे असते, हेही आम्ही त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले.

मी कॉलेजात शिकलेला. आपा दहावीपर्यंत शिकलेली. पण फसवणुकीतून वाचली ती आपा. कारण तिला अर्थ विचारण्याची लाज वाटली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातही अम्मी, अब्बा, दादी किंवा आपा मोबाइल पुढे करून तुम्हांला विचारत असतील, "बाळ, हे काय लिहिले आहे?" तुम्ही शाळेत जाता म्हणून त्यांचा तुमच्यावर विश्वास असतो. त्या वेळी जे कळते ते नीट समजावून सांगा. कळत नसेल, तर बटण दाबू नका. शिक्षकांना विचारा, शब्दकोश पाहा. आजच एक वही घ्या आणि तीन रकाने आखा.

आमची वही आता भरत आली आहे. कालच आपाने नवा शब्द आणला. "ऑटो-रिन्यूअल म्हणजे काय रे?" तिने विचारले.

जुनी सवय तोंडापर्यंत आली होती. पण मी ती गिळली आणि म्हणालो, "आपा, मला नक्की माहीत नाही. विचारून सांगतो."

आपाने पहिल्या रकान्यात शब्द लिहिला. उरलेले दोन रकाने तिने माझ्यासाठी मोकळे ठेवले.